सात नंबरची पेटी

१

लातूरच्या एका कॉलेजातल्या भूगर्भशास्त्र विभागातून एक डायरी नाहीशी झाली आणि तिचा तपास पोलिसांनी नाही, तर परीक्षा घ्यायला आलेल्या एका बाईने केला. यावरून त्या विभागाची लायकी समजावी.

ती बाई म्हणजे मी, तारामती गजभारे. नांदेडला कॉलेजात दगड-माती शिकवते. एप्रिल १९८३ मध्ये बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलची बाहेरची परीक्षक म्हणून मी एस.टी.ने लातूरला आले. लातूर जिल्हा होऊन आठ महिने झाले होते. नव्या कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून वाळायचा होता, विहिरी मात्र कधीच वाळल्या होत्या.

नव्या कलेक्टर कचेरीने त्या हिवाळ्यात कॉलेजला एक काम दिलं होतं. गावोगाव बारीक भोकं पाडून आतला दगड काढायचा आणि पाणी कुठे लागेल ते सांगायचं. विभागाने बारा ठिकाणी भोकं पाडली. विभागप्रमुख डॉ. किशनराव देवणीकर यांनी जाडजूड अहवाल आणि रंगीत नकाशा छापला. त्या नकाशाप्रमाणे आता बोअरची मोठी गाडी फिरत होती. सगळ्या टापूला गाडी एकच, आणि प्रत्येक गावाला बोअर एकच.

हे देवणीकर मूळचे देवणीचे. पुण्याला पाच वर्षं राहून डॉक्टर झाले आणि येताना आपली बोली तिकडेच ठेवून आले. घरी आईशीसुद्धा छापील मराठी बोलतात, असं त्यांचेच विद्यार्थी सांगतात. मी पोचले तेव्हा ते टाय लावून उभे होते. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं.

"मॅडम, एक अप्रिय प्रसंग उद्भवला आहे," ते म्हणाले.

अप्रिय प्रसंग खुर्चीत बसला होता. संस्थेचे अध्यक्ष नरसिंगराव, मुरुडचे पेरूचे बागाईतदार. त्यांनी मला सरळ कामाला लावलं. "बाई, तुमी भायेरच्या. तुमचा इथं कुनाशी संबंध न्हाई. आमचा डिरिलर पाशामियाँ, त्यानं भोकाची डायरी गायब केली. तेवढं कागदावर लिहून सही करा. आजच त्याला घरी बसवतो."

"डायरी त्यानेच घेतली कशावरून?"

"मंग काय मी घेतली?"

प्रश्न चांगला होता. मी तो मनात टिपून ठेवला.

भानगड येळंबवाडीची होती. शिरूर अनंतपाळजवळचं हे गाव. तिथे दोन भोकं पाडली होती. सात नंबरचं बौद्ध वस्तीत, आठ नंबरचं नरसिंगरावांच्या मेहुण्याच्या शेतात. अहवाल म्हणत होता, सातला पाणी नाही, आठला थोडी आशा आहे. पाशामियाँ म्हणत होते, सातला भरपूर पाणी आहे, माझ्या डायरीत लिहिलंय. आणि ती डायरीच कपाटातून गेली होती. गाडी उद्या सकाळी येळंबवाडीला निघणार होती.

बाहेर व्हरांड्यात एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. "जयभीम ताई," ती म्हणाली. ती गुणाबाई, येळंबवाडीच्या वस्तीतली. टँकर गावच्या हौदापाशी थांबतो आणि वस्तीपर्यंत यायच्या आत रिकामा होतो. म्हणून तिच्या सुना दोन कोसांवरून पाणी आणतात. एक सून सातव्या महिन्यात वाटेत पडली होती आणि मूल गेलं होतं. हे तिने आवाज न चढवता सांगितलं.

"आमच्याकडं पानी लागलं हाय, ताई. वला गाळ वर आला, मी ह्या डोळ्यानं पाह्यलं."

देवणीकर माझ्यामागे येऊन उभे होते. ते हसले. "मॅडम, भोक पाडताना यंत्रात आपणच पाणी ओततो. यांना शास्त्र कोण समजावणार?"

दुर्दैवाने ते खरं होतं. ओल्या गाळावरून काहीच सिद्ध होत नव्हतं, आणि त्या भोकात तर पोरांनी खडे टाकून ते कधीच बुजवलं होतं.

"कागद मला पाचपर्यंत हवा," नरसिंगराव उठत म्हणाले. घड्याळात साडेअकरा झाले होते.

२

विभागाचं संग्रहालय म्हणजे एक अंधारी खोली आणि तिचा राखणदार रामकिशन. पन्नाशी उलटलेला, वाकलेला, कुणी मोठ्याने बोललं की दचकणारा माणूस. देवणीकर त्याला विद्यार्थ्यांसमोर 'ए' म्हणून हाक मारत.

"किल्ल्या किती?"

"दोन, बाई. एक माझ्यापाशी, एक सरापाशी."

"आणि डायरी कधी गेली?"

"परवा होती. काल अध्यक्षसाहेबांनी मागितली तर न्हाई."

"पाशामियाँ परवापासून आत आले होते?"

रामकिशनने दाराकडे पाहिलं. "मी असल्याबिगर न्हाई," तो म्हणाला आणि फडक्याने स्वच्छ टेबल पुसू लागला.

पेट्या भिंतीशी मांडलेल्या होत्या. यंत्र जमिनीतून दगडाची गोल दांडकी काढतं. सगळी ठेवायला जागा कुठली, म्हणून इथे प्रत्येक भोकाची नऊ दांडकी निवडून एका लांबट पेटीत एका रांगेत ठेवली होती. दांडक्यांच्या मध्ये लाकडी ठोकळे, त्यांवर खोली लिहिलेली.

मी सात नंबरची पेटी उघडली. डाव्या हाताला जाळीदार, भोकाभोकांचा दगड. मग गेरूसारखा लाल थर. मग उजवीकडे टोकापर्यंत काळा पाषाण. ठोकळ्यांवरची खोली डावीकडून उजवीकडे वाढत गेली होती. म्हणजे वर जाळीदार दगड, खाली सगळा काळा. जाळीत पाणी राहतं, पाषाणात नाही. आणि वरची जाळी या दुष्काळात कोरडीठाक असणार. अहवालाप्रमाणे सगळं बरोबर होतं.

पण माझं मन मानेना. आपल्याकडचा दगड हा थिजलेला लाव्हा. उकळत्या पिठल्यात बुडबुडे वर येतात तसे लाव्ह्यात वायूचे बुडबुडे वर येतात, म्हणून जाळी त्या थराच्या डोक्यावर असते. मग हजारो वर्षं ऊन-पावसाने त्या डोक्याची लाल माती होते. त्यावर पुन्हा नवा लाव्हा येतो. तेव्हा वरून खाली जाताना आधी काळा पाषाण, मग लाल, मग जाळी लागायला हवी. इथे जाळी लालच्या वर बसली होती. हे मी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवते, आणि त्यांतली निम्मी बाकावर डुलक्या घेत असूनही त्यांना ते येतं.

चौथं दांडकं मी हातात घेतलं. एका बाजूला जाळी, दुसऱ्या बाजूला लाल, आणि जाळीत एक लिंबाएवढी पोकळी, पांढऱ्या गारेने, म्हणजे गारगोटीने, अर्धी भरलेली. पोकळीत गार साचते ती वाटीत खीर साचते तशीच, तळाला. भरलेली बाजू खाली येईल असं मी दांडकं टेबलावर उभं केलं. लाल वर आली. जाळी खाली गेली.

मग मी ठोकळे पाहिले. त्यांना ताज्या वॉर्निशचा वास येत होता.

"रामकिशन, हे ठोकळे कधीचे?"

रामकिशनचं फडकं थांबलं. "मला इचारू नका, बाई," तो म्हणाला. "माझी पोरगी इथं फी-माफीवर शिकती."

३

पाशामियाँचं घर गंजगोलाईच्या बाजारपेठेमागे होतं. त्यांची बायको बेगमबी हिने मला चटईवर बसवलं आणि अर्धा पेला पाणी दिलं. त्या महिन्यात अर्धा पेला म्हणजे मोठा पाहुणचार होता.

पाशामियाँ माझ्या शेजारी बसले. सत्तावन्न वर्षांचे, पण खांदे अजून गड्याचे. तीस वर्षं त्यांनी जमीन भोसकली होती आणि काल एका टायवाल्याने त्यांना सांगितलं होतं की तुम्हाला दगड कळत नाही.

"मैं झूट कायको बोलू, बाई? मेरेकू क्या मिलनेका हाय उसमें? सात नंबरला नव्वद फुटावर पानी लागलं. यंत्रातलं पानी सरलं तरी खालून पानी येऊन राहिलं. डायरीत लिहिलं मी."

"डायरी उर्दूत?"

"मग कशात? निजामाच्या शाळंत सातवीपर्यंत शिकलो. दुसरं येत न्हाई."

"देवणीकर सरांनी ती वाचली होती?"

ते नुसते हसले. "नकाशा छापल्यावर मी गेलतो सरांकडं. म्हटलं, साहेब, सातचं उलटं झालं. सर म्हणले, पाशामियाँ, वय झालं तुमचं."

"सात नंबरला काय काय लागलं, दाखवा मला."

ते उठले. चुलीतला कोळसा, अंगणातला विटेचा तुकडा आणि बेगमबीची पाय घासायची भोकाभोकांची वज्री घेऊन पुन्हा माझ्या शेजारी बसले. समोर जमिनीवर एकेक मांडत गेले. कोळसा उजव्या हाताला. "पहिला हा, काळा. पंच्याऐंशी फुटापर्यंत." त्याच्या डावीकडे वीट. "मग लाल." तिच्याही डावीकडे वज्री. "मग ही जाळी. पानी हितं."

बेगमबी आतून म्हणाली, "बाई, तीन म्हैन्यावर पेनशन आली. अब चोर कैके नाम लगा रहे. ऊपरवाला देख रहा सब."

मी वज्रीकडे पाहत होते. हा क्रम मी तासाभरापूर्वी कुठेतरी पाहिला होता.

४

नरसिंगराव संस्थेच्या कचेरीत पंख्याखाली बसले होते. त्या दिवशी संशय घ्यायला त्यांच्याइतका सोयीचा माणूस दुसरा नव्हता. आठ नंबर मेहुण्याच्या शेतात, विभागप्रमुख त्यांच्या खिशातला, आणि ओरडही त्यांचीच सगळ्यात मोठी. शिवाय दुष्काळात तहानेची रांग कुठून सुरू होते हे त्यांनी दाखवून दिलं होतं. गाडी जिल्ह्यात आली ती पहिल्यांदा त्यांच्याच पेरूच्या बागेत गेली होती.

"पाच नंबरचं भोक तुमच्या बागेत होतं ना?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा लाल झाला. "नाव नका काढू. अहवालात काय लिहिलं होतं? वर पाषाण, सत्तर फुटाखाली जाळी, पानीच पानी. आन् निघालं काय? वरच्या तीस फुटात कोरडी जाळी. खाली दोनशे फूट नुस्ता काळा पाषाण. धुराळा! सारं गाव बघून राहिलं, न् माझ्या तोंडावर धुराळा!"

मी हसू दाबलं. सगळं दाबलं गेलं नसावं.

"तवाच म्हटलं, ती डायरी आना, वाचणारा मानूस मी आनतो. तर डायरी गायब. पाशानं भोक वाकडं पाडलं न् डायरी खाल्ली."

"हे तुम्ही देवणीकरांना सांगितलंत? वर जाळी, खाली काळा, असंच?"

"परवा फोनवर चांगला खडसावला की."

मी परत संग्रहालयात पळत गेले. चाळिशीला आलेली बाई उन्हात पळताना बघून पोरं हसली. हसू देत.

पाच नंबरची पेटी उघडली. डावीकडे काळा, उजवीकडे जाळी, ठोकळे नवे, खोली डावीकडून उजवीकडे. म्हणजे वर पाषाण, खाली जाळी, अगदी अहवालाप्रमाणे. आणि प्रत्यक्ष जमिनीत बरोबर याच्या उलट निघालं होतं. तीन नंबरच्या पेटीलाही वॉर्निशचा तोच वास. तीन, पाच, सात ही तिन्ही भोकं पाशामियाँनी पाडलेली. बाकीची दुसऱ्या मिस्त्रीने. त्या मिस्त्रीच्या पेट्यांतले ठोकळे जुनेच, मळलेले, आणि सहा नंबरला अहवालाने सांगितलेल्या खोलीवर पाणीही लागलं होतं.

मी सात नंबरच्या पेटीसमोर उभी राहिले. डावीकडे जाळी, मध्ये लाल, उजवीकडे काळा. पाशामियाँच्या अंगणातही डावीकडे वज्री, मध्ये वीट, उजवीकडे कोळसा. दगड जागचे हललेच नव्हते. पाशामियाँनी ते मांडले तसेच होते.

मला माझे वडील आठवले. केरबा गजभारे, नांदेडच्या कोर्टात चपराशी. तेही निजामाच्या शाळेत शिकलेले. घरी भांडी लावायचे, जोडे मांडायचे, माझ्या पाटीवर मणी ठेवून मोजायला शिकवायचे, सगळं उजवीकडून डावीकडे. उर्दू वाचणाऱ्याच्या हाताला पहिली जागा उजवीच सापडते. पाशामियाँच्या जुन्या ठोकळ्यांवरचे आकडेही उर्दूतच असणार. माझ्या आईने यावरून जन्मभर त्यांची थट्टा केली.

आता चोर कोण ते मला कळलं होतं. फक्त इतक्या फडतूस कारणासाठी कुणी एवढं करील, यावर विश्वास बसत नव्हता.

५

साडेचार वाजता मी सगळ्यांना संग्रहालयात बोलावलं. नरसिंगराव, देवणीकर, पाशामियाँ, रामकिशन. गुणाबाईला मी हाताला धरून आत आणलं. देवणीकरांनी नाकाला रुमाल लावला. मी तो पाहिला.

"सर, या बारा भोकांवर तुम्ही जातीने हजर होता?"

"अर्थात. अहवालाच्या प्रस्तावनेत तसा उल्लेख आहे."

"येळंबवाडीला सात नंबर कुठे पाडलं?"

"वस्तीत."

"वस्तीत कुठे?"

त्यांनी टाय सैल केला. "असे किरकोळ तपशील कोण लक्षात ठेवतो?"

"समाजमंदिराच्या पायरीला लागून हाय," गुणाबाई म्हणाली. "पाशाभाई न् दोन गडी, तिघंच व्हते. पाच दिस माझ्याच घरी भाकर खाल्ली तेंनी. हा साहेब न्हाई आला कवाच."

"ही बाई काहीही बोलेल!"

"बरं, तिला सोडू. दगडाला विचारू." मी चौथं दांडकं टेबलावर उभं केलं आणि गारेची पोकळी दाखवली. नरसिंगराव पुढे वाकले. शेतकरी माणूस, साचलेलं खाली बसतं हे त्यांना दोन वाक्यांत कळलं. "म्हणजे पेटीचं डावं टोक खालचं आहे. ठोकळे म्हणतात ते वरचं आहे. ठोकळे खोटे. मग ते कुणी केले? नरसिंगराव, माझा पहिला संशय तुमच्यावर होता."

"आँ?"

"मेहुण्याच्या शेतासाठी तुम्ही सात नंबर उलटा करून घेतला असता, हे मला सहज पटलं असतं. पण मग पाच नंबरही उलटा का? स्वतःच्या बागेत धुराळा कोण मागवून घेईल? चूक जमिनीच्या मालकाकडे बघत नाहीये. ती पाशामियाँच्या प्रत्येक पेटीत आहे आणि दुसऱ्या मिस्त्रीच्या एकाही पेटीत नाही. पाशामियाँ पेटी उजवीकडून लावतात. हे ज्याला माहीत नव्हतं, त्याने ती डावीकडून वाचली. भोकावर एक दिवस जरी उभा राहिला असता तरी कळलं असतं. ठोकळ्यांवरचे उर्दू आकडे कुणाला विचारले असते तरी कळलं असतं. पण तो या खोलीत पंख्याखाली बसून बारा गावांचा अहवाल लिहीत होता."

"हा केवळ तर्क आहे," देवणीकर म्हणाले. त्यांचा आवाज जरासा देवणीचा झाला होता.

"इथपर्यंत ती चूक होती. चूक मीही करते. पण परवा नरसिंगरावांनी फोनवर सांगितलं की पाच नंबरला उलटं निघालं, तेव्हा अहवाल लिहिणाऱ्याला सगळं समजलं. त्याने काय करायचं? सात नंबर दुरुस्त करायचा. एक ओळीचं पत्र. त्याऐवजी त्याने उर्दूचे जुने ठोकळे काढले आणि नवे बसवले. पाशामियाँ आपलंच म्हणणं खोटं पाडणारे ठोकळे कशाला लावतील? रामकिशनचं तर सगळं आयुष्य या पेट्या पुसण्यात गेलं, त्याला कुठलं टोक वरचं ते डोळे झाकून कळतं. आणि पाच नंबरची जमीन उघडी पडलेली असताना तिथेही खोटे आकडे कोण लिहील? ज्याला ते आपल्या नकाशाशी जुळायला हवेत, तोच. जमीन खोटी ठरली तरी चालेल, नकाशा खोटा ठरता कामा नये."

मी देवणीकरांकडे वळले.

"लाच खाऊन केलं असतंत तरी मी समजू शकले असते, सर. हे तुम्ही कशासाठी केलंत? मला पेटी वाचता आली नाही, एवढं म्हणायची लाज वाटली म्हणून?"

"पुरावा काय?" देवणीकर ओरडले. "डायरी कुठाय? दाखवा न डायरी!"

बरोबर होतं त्यांचं. डायरी माझ्याकडे नव्हती आणि पाचला दहा मिनिटं होती.

६

"मी सांगतो," रामकिशन म्हणाला.

आम्ही सगळे वळलो. त्याने फडकं टेबलावर ठेवलं.

"काल दुपारी सर मागच्या विहिरीकडं गेलते. हातात पुडकं व्हतं. येताना रिकामे आले."

"ए, तू—"

"मला नाव हाय, सर. रामकिशन."

कॉलेजच्या मागची विहीर पन्नास फूट खोल आणि दोन वर्षं कोरडी. रामकिशन स्वतः दोर धरून उतरला. वर आला तेव्हा त्याच्या काखेत डायरी होती, कोरडी, धड, एकही पान न भिजलेली. आमच्या भूगर्भशास्त्राच्या डॉक्टरांनी दुष्काळात वस्तू बुडवायला विहीर निवडली होती. पाण्याचा नकाशा काढणाऱ्या माणसाला आपल्याच विहिरीत पाणी नाही हे माहीत नव्हतं. आणि डायरी त्यांनी गुंडाळली होती ती त्याच नकाशाच्या कच्च्या छपाईत, कोपऱ्यात त्यांच्या हातच्या दुरुस्त्यांसकट.

पाशामियाँनी हात पुढे केला, पण डायरी मी घेतली. त्यांनी वाचली असती तर पुन्हा कुणीतरी शंका काढली असती. वडिलांनी शिकवलेलं उर्दू मी वीस वर्षांत वापरलं नव्हतं. अडखळत वाचलं. सात नंबर, येळंबवाडी. पंच्याऐंशी फूट, लाल. नव्वद फूट, जाळी. पाणी लागलं. मीठं पाणी, म्हणजे गोडं.

गुणाबाई मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. पाशामियाँ तिच्याकडे पाहत होते, देवणीकरांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

नरसिंगरावांनी मला बाजूला घेतलं. राग ओसरला होता आणि हिशेबी माणूस जागा झाला होता. "बाई, गाडी सात नंबरलाच जाईल. पाशाला कोन हात लावत न्हाई. रामकिशनच्या पोरीचंही काई बिघडनार न्हाई. पन हे भायेर नको. नवा जिल्हा, नवी संस्था. सर म्हनतील, जास्तीचं संशोधन केलं, नकाशा सुधारला. झालं."

"आणि चोरी?"

"कशाची चोरी? डायरी घावली की."

मी अजून खालीच बसलेल्या गुणाबाईकडे पाहिलं. भांडत बसले असते तर चौकशी, समिती, तारखा, आणि गाडी दुसऱ्या तालुक्यात गेली असती. मी दोन अटी घातल्या. देवणीकरांनी पाशामियाँची लेखी माफी मागायची, आणि दुरुस्त अहवालावर पाशामियाँचं नाव आधी टाकायचं. देवणीकरांनी माफीनामा लिहिला. त्यात तीन ठिकाणी 'अनवधानाने' होतं. मी त्यावर साक्षीदार म्हणून सही केली आणि मला स्वतःचीही थोडी किळस आली.

७

परीक्षा आणखी दोन दिवस होती, पण दुसऱ्या दिवशी मी पोरांना लेखी काम देऊन येळंबवाडीला गेले. परीक्षकाने असं करायचं नसतं.

दुपारी अडीचला नव्वद फुटांवर दगडाचा धुराळा ओला झाला. मग चिखल आला. मग समाजमंदिराच्या पायरीशी पुरुषभर उंच पाणी उडालं. बाया किंचाळल्या, मुलं चिखलात लोळली. पाशामियाँ यंत्रापाशी उभे होते. त्यांच्या दाढीतून पाणी गळत होतं आणि ते पुसत नव्हते. देवणीकरही आले होते, पत्रकाराला घेऊन. 'सुधारित नकाशाचं यश' असं काहीतरी ते सांगत होते. गुणाबाईने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. ते म्हणाले, "नको, मी घरून आणलंय," आणि गाडीतून थर्मास काढला. मी इतकी वर्षं माणसांचा तिरस्कार करत आले आहे, पण त्या दिवशी मला तो पुरेसा जमला नाही.

तासाभरात बातमी गावात पोचली. आता सगळ्या येळंबवाडीत पाणी एकाच ठिकाणी होतं. गावच्या बाया हळूहळू वस्तीच्या कडेला येऊन थांबल्या. कळश्या-घागरी घेऊन, डोक्यावर पदर, कुणीही पुढे पाऊल टाकेना. त्यांच्यात पार्वतीबाई होती, नरसिंगरावांची बहीण, जिच्या शेतात आठ नंबर होता. टँकरच्या हौदावर हिनेच परवा गुणाबाईच्या सुनेची घागर पायाने बाजूला सारली होती, असं मला एका मुलीने कानात सांगितलं.

मी गुणाबाईकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोल. आता हाकल त्यांना. चाळीस वर्षं साचलेलं सगळं आता बोल.

गुणाबाई चिखलातून चालत कडेपर्यंत गेली. पार्वतीबाई खाली बघत उभी होती. गुणाबाईने तिच्या हातातली घागर काढून घेतली, धारेखाली धरली, काठोकाठ भरली आणि परत तिच्या डोक्यावर ठेवली.

"जड हाय, सांभाळून जा," ती म्हणाली. "न् उद्याच्याला सकाळी लवकर ये. उशीर झाला की गर्दी व्हती."

पार्वतीबाई रडत गेली. पाणी तिच्या पाठीवर सांडत होतं. गुणाबाईने पुढच्या बाईची घागर घेतली.

संध्याकाळच्या एस.टी.त मी ते आठवत बसले. पाशामियाँना न्याय मिळाला होता, वस्तीला पाणी मिळालं होतं, चोर सापडला होता, आणि मला मात्र बरं वाटत नव्हतं. मी असते तर ती घागर भरली नसती. मी आजही भरणार नाही.